परदेशात पैरा : सातारा-सांगलीहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी संथ आणि माणसांतल्या जगण्याची तयारी

पैरा म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. आज तुमच्या रानात आम्ही, परवा आमच्या रानात तुम्ही. पैसे कुणी मोजत नाही, पण पाळी सगळ्यांच्या लक्षात असते आणि ती चुकवलेली खपत नाही. वानवळा, भिशी, सप्त्याची पंगत, तालमीतला सकाळचा आखाडा या सगळ्यांचं सूत्र तेच आहे : ठरलेला वार, ठरलेली जागा, तीच माणसं.

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांची पहिल्या सहा महिन्यांतली तक्रार बहुतेक एकच असते : "इथं कुणी कुणाचं नाही." हे खरं नाही. तिथं शेजार आहे, सामायिक काम आहे, रविवारची निवांत दुपार आहे. फरक इतकाच की पारावर जाऊन बसलं की माणसं आपोआप जमतात, तसं तिथं होत नाही. तिथला पार वेळापत्रकावर चालतो. वार आणि वेळ धरून सलग दहा-बारा आठवडे जो येतो, तो आपला होतो. हा लेख त्या दहा-बारा आठवड्यांची मांडणी कशी करायची याबद्दल आहे.

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामं वाटून घेत. घर सोडून शिकायला आलेल्या पोराला टिकवतं ते सामायिक चुलीभोवतीचं काम, ही गोष्ट या भागाने शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिली आहे.

गाव आणि खोली निवडताना

विद्यापीठाचं नाव पाहून अर्ज करताना गावाचा आकारही पाहा. मार्बुर्ग, ग्योटिंगेन, फ्रायबेर्ग, इल्मेनाउ यांसारख्या लहान विद्यापीठी गावांत बाजार, ग्रंथालय आणि वर्ग बहुधा सायकलच्या टप्प्यात असतात. तोच दुकानदार, तीच बसवाली बाई आठवड्यात तीनदा दिसते. म्युनिक किंवा बर्लिनमध्ये खोली मिळाली तर ती शहराच्या एका टोकाला आणि वर्ग दुसऱ्या टोकाला असं होतं. रोजचे दीड-दोन तास रेल्वेत गेले की संध्याकाळ उरत नाही. मोठ्या शहरात जायचंच असेल तर खोली विद्यापीठाजवळ घेण्यापेक्षा, ज्या वस्तीत तुम्ही संध्याकाळ घालवणार तिथं घ्या.

खोलीचे तीन प्रकार समोर येतात. विद्यार्थी-सेवा संस्थेचं वसतिगृह, खाजगी एक-खोली, आणि वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. एक-खोली टाळा. महाग असते आणि चार भिंतींशिवाय काही देत नाही. वसतिगृह घ्यायचं तर मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असलेलं मागा. खोलीतच ओटा असलेल्या वसतिगृहात वर्षभर शेजाऱ्याचं नाव कळत नाही. अर्ज प्रवेशपत्राची वाट न पाहता, नियम परवानगी देतात तितक्या लवकर टाका, कारण मोठ्या शहरांत प्रतीक्षा यादी एका सत्रापेक्षाही लांब असते.

वेगेमध्ये जागा मिळवायला तिथल्या राहणाऱ्यांशी बोलावं लागतं, आणि हे बोलणं व्हिडिओवरही होतं. ते भाडं भरशील का एवढंच पाहत नाहीत, सोबत राहायला कसा आहेस हेही पाहतात. म्हणून जाहिरातीला पाठवायच्या पत्रात पदवी आणि टक्केवारी लिहून थांबू नका. आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी स्वयंपाक करीन, सायकल दुरुस्त करता येते, सकाळी लवकर उठतो, असं लिहा. जाहिरातीत एक शब्द नीट वाचा : काही ठिकाणी 'त्स्वेक-वेगे' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ भाडं वाटून घेण्यापुरतंच एकत्र राहणं, एकत्र जेवण-खाण नाही. सोबत हवी असेल तर ती जाहिरात सोडा.

खोली न पाहता आगाऊ पैसे पाठवू नका. "मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" असं लिहिणारा घरमालक फसवाच असतो.

वेळेचा हिशेब आधी, मग संथ जगणं

इथं थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण बहुतेकांचं गणित इथंच चुकतं.

जर्मन पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारण १२० क्रेडिटचा, चार सत्रांचा. म्हणजे सत्राला ३० क्रेडिट. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, वर्गासकट. सत्राला ७५० ते ९०० तास झाले. सहा महिन्यांतले सुट्टीचे आठवडे वजा करून २२ आठवडे धरले तर आठवड्याला ३४ ते ४१ तास. ही पूर्णवेळ नोकरीच झाली. त्यावर आठवड्याला २० तासांचं काम घेतलं की ५४ ते ६१ तास होतात. यात स्वयंपाक, कपडे, प्रवास, सरकारी कागद धरलेले नाहीत. असा माणूस कुणाच्या घरी जेवायला जाणार कधी, आणि कुणाला बोलावणार कधी?

दुसरी मांडणी अशी : सत्राला २४ क्रेडिट आणि आठवड्याला १० तास काम. अभ्यासाचे २७ ते ३३ तास आणि कामाचे १०, म्हणजे ३७ ते ४३. आठवड्यात दोन संध्याकाळी आणि अख्खा रविवार मोकळा राहतो. १२० क्रेडिटला चारऐवजी पाच सत्रं लागतात.

त्या पाचव्या सत्राची किंमत निघण्याआधी घरी बसून मोजा. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शिकवणीची फी नाही, फक्त सत्र-वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात, तेही धरा. दुसऱ्या बाजूला आठवड्याला १० तासांचं काम २०२५ मध्ये तेव्हाच्या किमान वेतनाने, तासाला १२.८२ युरोने, महिन्याला साधारण ५५५ युरो देत होतं.

कर्ज काढलं असेल तर बँकेतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांची सवलत अभ्यासक्रमाच्या मुदतीला बांधलेली असते. मंजुरीपत्रात २४ महिने लिहिले आणि तुम्हाला ३० लागले, तर शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारी सवलत तेवढी कमी होते आणि हप्ता लवकर अंगावर येतो. मुदत ३० महिन्यांची मागा आणि ती कागदावर घ्या. या काळात व्याज चढत असतं, हेही घरच्यांसमोर मोकळेपणाने मांडा. ज्या घराला तो एक सत्राचा भार झेपणार नाही, त्यांनी चार सत्रांतच उरकावं आणि पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी फक्त आठवड्याचं जेवण आणि रविवार एवढंच धरावं. तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

कामाबाबत कायदा असा आहे : मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. रात्रपाळीचं गोदामातलं काम पैशाला बरं दिसतं, पण दुसऱ्या दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही खातं. विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडचं साहाय्यकाचं काम या दिवसांत मोजलं जात नाही आणि तिथं माणसंही भेटतात.

एक धोका लक्षात ठेवा. जर्मनीत बऱ्याच विषयांची सत्राअखेर एकच परीक्षा असते आणि तिची नोंदणी वेगळी, ठरल्या मुदतीत करावी लागते. मुदत गेली की परीक्षा पुढच्या सत्रावर. एका विषयाची परीक्षा देण्याच्या संधीही मोजक्या, बहुधा तीन. सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या मुदती एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा.

भाषा

वर्ग इंग्रजीत असले तरी शेजार जर्मन बोलतो. ए-१ आणि ए-२ या जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या इथूनच करून जा. सातारा-सांगलीत शिकवणी मिळते, परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. तिकडे गेल्यावर फोल्क्सहोखशूले नावाच्या लोकशिक्षण केंद्रात संध्याकाळचे वर्ग असतात, फी माफक असते आणि वर्गात तुमच्यासारखीच नवखी माणसं असतात. बी-१ ही पुढची पातळी होईपर्यंत बोलण्यातल्या चुका सोसाव्या लागतात. समोरचा इंग्रजीवर गेला तर "मला जर्मन शिकायचं आहे, सावकाश बोला" हे एक वाक्य पाठ ठेवा.

सामानात काय

युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप, दोन्ही घरीच ठेवा. कस्टममध्ये काढून घेतात. कढीपत्ता आणि ताज्या भाज्यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. न्यायचं ते हे : कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, सांगलीची हळद, भडंग आणि तासगावचा बेदाणा. भडंग आणि बेदाणा जास्त घ्या. शेजाऱ्याला वानवळा द्यायला यांच्यासारखं काही नाही.

कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, पाच लिटरचा. साध्या अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. दोन जादा रबरी रिंगा आणि एक सेफ्टी वॉल्व्ह घ्या; त्या मापाचे तिथं मिळत नाहीत.

पहिले तीन आठवडे

घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा ठरावीक कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेळ मिळायला वाट पाहावी लागते, म्हणून पत्ता ठरल्याबरोबर ती बुक करा.

पहिल्या आठवड्यातच शेजारच्या दारांवर जा. वार कामाचा, वेळ संध्याकाळी पाच ते सात. बेल वाजवा, नाव सांगा, कुठल्या मजल्यावर राहता आणि काय शिकता ते सांगा, वाटीभर भडंग द्या, तिखट आहे हेही सांगा. आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दारातली दोन मिनिटं पुरेशी असतात. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. तिथं ती स्वच्छ धुवून, रिकामी परत येईल. त्यात अपमान नसतो, ती त्यांची नीटनेटकी रीत आहे.

सामायिक घरात साफसफाईचा तक्ता असतो, पुट्सप्लान. हाच तिथला पहिला पैरा. आपली पाळी आठवण न करता पुरी केली की निम्मा विश्वास तिथंच मिळतो. न्हाणीघराच्या पाळीत नळावरचे चुन्याचे डाग काढणंही येतं. पाणी जड असतं, त्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबाम्ल वापरतात. कचरा चार ठिकाणी : कागद, पिवळ्या पिशवीत वेष्टनं, ओला कचरा आणि उरलेला. चहाचा चोथा आणि भाजीची देठं ओल्यात, पण ती प्लास्टिक पिशवीसकट टाकली की अख्ख्या इमारतीचा डबा उचलायला नकार येतो. मग सगळे विचारतात, कुणी टाकलं?

आठवड्याचं जेवण

पूर्ण लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. आठवड्यातला एक वार धरा, गुरुवार म्हणा, संध्याकाळी सात वाजता, सामायिक स्वयंपाकघरात. दर गुरुवारी एक जण रांधणार, बाकीचे भांडी घासणार. पहिले दोन गुरुवार तुम्ही रांधा. तिसऱ्या गुरुवारी आपण होऊन म्हणू नका की मीच करतो. भिंतीवर चार रिकाम्या ओळींचा कागद लावा आणि नावं लिहायला सांगा. तुम्ही सलग पाच-सहा वेळा खाऊ घातलंत तर तो पैरा राहत नाही, खानावळ होते, आणि लोक संकोचून यायचे थांबतात. मदत घेणं हाही पैऱ्याचा भाग आहे, आणि आपल्या मुलांना तेच जड जातं.

दहा माणसांचा पहिला बेत साधा ठेवा : वरण-भात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर. तांदूळ ९०० ग्रॅम, तूरडाळ ४०० ग्रॅम, बटाटे २ किलो, मोठ्या काकड्या ३, दही १ किलो, शेंगदाण्याचं कूट १०० ग्रॅम. तूरडाळ आशियाई किंवा तुर्की दुकानात मिळते. न मिळाली तर मसूर कुठल्याही सुपरमार्केटात असते, तिला शिट्ट्याही कमी लागतात. एकूण खर्च साधारण १५ युरो, माणशी दीड. हा खर्च आळीपाळीने करा, दरवेळी वर्गणी मागत बसू नका. ज्याला पैशाची ओढ आहे त्याने भांडी जास्त घासावीत.

डाळीला सव्वा लिटर पाणी, कुकर निम्म्याच्या वर भरू देऊ नका. पहिली शिट्टी होण्याआधी खोलीतल्यांना सांगा. ज्यांनी कधी कुकर पाहिला नाही ते खरोखर घाबरतात. भातासाठी तांदळाच्या दुप्पट पाणी, जाड बुडाचं झाकणाचं पातेलं. विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून पाणी आटताच शेगडी बंद करा आणि भात तिच्यावरच दहा मिनिटं झाकून ठेवा. गॅसच्या सवयीने शेवटपर्यंत चालू ठेवलात तर तळाचा थर करपतो.

फोडणीची गोष्ट गंभीर आहे. वसतिगृहात धूर ओळखणारी घंटा छताला असते आणि काही इमारतींत ती थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असते. मोहरी-मिरचीच्या धुराने ती वाजली आणि बंब आला तर खर्च तुमच्यावर येऊ शकतो. शेगडीवरचा पंखा आधी लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार मात्र बंद ठेवा, नाही तर धूर बोळात जातो आणि तिथली घंटा वाजते. तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरी घालताच झाकण ठेवा, आणि लाल तिखट तेलात न घालता भाजीतच घाला. घंटेवर पिशवी बांधणं हा गुन्हा समजला जातो. तसं कुणी सुचवलं तरी करू नका.

तिखट दहा जणांच्या भाजीला अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. ठेचा वेगळ्या वाटीत. आणि आधी विचारा : कुणाला शेंगदाणे चालत नाहीत का? आपल्या स्वयंपाकात कूट कुठंही असतं, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी जिवावर बेतते. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे गहू न चालणाऱ्याला साधं वरणही चालत नाही. दही आणि तूप वरून वाढा, म्हणजे दुधाचं न खाणाराही पंगतीत बसतो. प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी ठेवा : शेंगदाणे, दूध, गहू, आहे किंवा नाही.

सणाला श्रीखंड करा, सगळ्यांना आवडतं आणि चक्का बांधायचा निम्मा त्रास वाचतो. सुपरमार्केटात क्वार्क नावाचा चक्क्यासारखाच दुधाचा पदार्थ मिळतो. पाकिटावर ४० टक्के लिहिलेला घ्या, कमी चरबीचा कोरडा आणि रवाळ लागतो. १ किलो क्वार्क सुती फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर सहा ते आठ तास ठेवा, मग ४०० ग्रॅम पिठीसाखर आणि चमचाभर वेलदोडा घालून घोटा.

बोलावण्याची रीत वेगळी आहे. "कधी तरी या घरी" हे तिथं आमंत्रण नसतं. दोन-तीन आठवडे आधी तारीख, सुरुवातीची वेळ, साधारण शेवटची वेळ आणि काय आणायचं ते लिहून कळवा. सात म्हणजे सात. पाच मिनिटं इकडे-तिकडे. कुणी सॅलड आणलं, कुणी पाव आणला तर आनंदाने घ्या, पंगत त्यांचीही होते.

कायमची माणसं : फेराईन

जर्मनीत माणसं संस्थांत जमतात. फुटबॉलची, गायनाची, बागेची, अग्निशमनाची, सगळ्याची नोंदणीकृत मंडळी असतात, त्यांना फेराईन म्हणतात. आपल्या तरुण मंडळासारखीच, फक्त घटना, हिशेब आणि सभासद यादी चोख. वर्गातली मैत्री सत्र संपलं की विखुरते, फेराईनमधली वर्षानुवर्षं टिकते. एकच धरा, जास्तीत जास्त दोन. चार ठिकाणी तोंड दाखवणाऱ्याची ओळख कुठंच पक्की होत नाही.

कोणती धरायची? जे तुमच्या अंगात आधीपासून आहे ती. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्या मातीतल्या पोराने तालीम केली असेल तर कुस्तीचे फेराईन शोधावेत, जर्मनीत कुस्तीची लीग चालते. गादीवरची कुस्ती असते, जोडे वेगळे लागतात, पण पकड समजायला भाषा लागत नाही. भजनात गळा तयार असेल तर विद्यापीठाचा किंवा चर्चचा गायनवृंद. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी असाल तर दुरुस्ती-कॅफे. याची सुरुवात २००९ मध्ये अॅमस्टरडॅमला झाली आणि आता जर्मनीत गावोगावी आहेत. महिन्यातून एकदा लोक बिघडलेले मिक्सर, दिवे, रेडिओ घेऊन येतात आणि स्वयंसेवक त्यांच्यासोबत बसून दुरुस्त करतात. भाषा कच्ची असताना हातांना मान मिळतो अशी ही जागा आहे. पहिल्या दोन वेळा अनुभवी माणसाशेजारी बसा, विजेच्या वस्तूची शेवटची तपासणी त्यांनाच करू द्या.

शेतकरी घरातल्यांना बाग लागतेच. कुंपणाच्या छोट्या बागांसाठी मोठ्या शहरांत वर्षांची प्रतीक्षा यादी आहे, तिच्या मागे लागू नका. सामुदायिक बागा सोप्या. ग्योटिंगेनमध्ये निर्वासित आणि स्थानिक कुटुंबांनी मिळून कसायच्या आंतरराष्ट्रीय बागा १९९० च्या दशकात सुरू झाल्या आणि तसे प्रयोग देशभर पसरले. आंडरनाख गावात तर २०१० पासून नगरपालिका सार्वजनिक जागेत भाज्या लावते आणि कुणीही तोडून न्यावं असं सांगते. मेथी-कोथिंबीर तिथं मे ते सप्टेंबर चांगली येते. मेच्या मध्याआधी मिरचीची रोपं बाहेर लावू नका, उशिरा पडणारं गोठलेलं दव त्यांना मारतं.

पद्धत अशी : ई-मेल लिहा, पहिले दोन-तीन दिवस बघायला येऊ का विचारा, मग सभासद व्हा. विद्यार्थ्यांना वर्गणीत सूट असते, ती मागावी लागते. सभासदत्व आपोआप पुढे चालू राहतं. सोडायचं तर घटनेत लिहिलेल्या मुदतीआधी लेखी कळवावं लागतं. गाव सोडलं म्हणून वर्गणी थांबत नाही. विद्यापीठाचे क्रीडावर्ग स्वस्त असतात, पण नोंदणी सत्राच्या सुरुवातीला ठरल्या क्षणी उघडते आणि लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात.

पहिले सहा आठवडे कुणी फारसं बोलणार नाही. खुर्च्या मांडा, शेवटी हॉल झाडा, वार्षिक जत्रेत केकच्या टेबलामागे उभे राहा. सातव्या-आठव्या आठवड्याला कुणीतरी नावाने हाक मारतं. बहुतेक मुलं चौथ्या आठवड्याला सोडून देतात, आणि "इथं कुणी कुणाचं नाही" हे तिथून सुरू होतं.

रविवार आणि हिवाळा

रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण राज्यघटनेतच आहे, १९१९ च्या वायमार घटनेतून ते आलं. स्टेशनातली दुकानं आणि सकाळची बेकरी सोडली तर फारसं काही मिळत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, भाजी आणून ठेवा. रविवारी ड्रिल, व्हॅक्यूम, काचेच्या बाटल्या टाकणं बंद. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, फोनवरचं मोठ्याने बोलणंसुद्धा. हा दिवस असाइनमेंटने भरू नका. दुपारी तीन-चारला कॉफी आणि केकची वेळ असते. शेजारच्या आजी-आजोबांना बोलवायला किंवा त्यांच्याकडे जायला हीच वेळ योग्य. त्याआधी दोन तास चालायला जा. चला चालायला, असं विचारणं हे तिथं जेवायला बोलावण्याइतकंच आपुलकीचं असतं आणि त्याला खर्च नाही.

डिसेंबरात साताऱ्याचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, बर्लिनचा आठ तासांहून कमी. दुपारी चारला अंधार. माणूस नोव्हेंबरात खोलीत शिरतो आणि मार्चपर्यंत बाहेर येत नाही. म्हणून गुरुवारचं जेवण आणि फेराईन ऑक्टोबरातच बसवा, घड्याळं मागे जायच्या आधी. रोज दुपारी बारा ते एकच्या दरम्यान अर्धा तास उघड्यावर चाला, ढग असले तरी. ड जीवनसत्त्वासाठी डॉक्टरांना विचारा, मनाने डोस घेऊ नका. सलग दोन आठवडे झोप, भूक किंवा वर्ग सुटत असेल तर विद्यार्थी-सेवा संस्थेच्या समुपदेशकांकडे वेळ घ्या, ते बहुधा मोफत असतात. रात्री-अपरात्री टेलेफोनझेलझोर्गे या मनाला आधार देणाऱ्या फोन-सेवेच्या ०८०० १११०१११ या मोफत क्रमांकावर माणूस बोलायला असतो.

घर आणि मराठी मंडळी

घरच्यांशी बोलण्याचीही पाळी बांधा. भारत हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदल होतो. रविवारी तिथले दुपारचे एक म्हणजे इकडचे हिवाळ्यात साडेपाच, चहाची वेळ. तो एक फोन लांब, निवांत, सगळ्या घरासोबत. बाकी दिवस दोन ओळींचा निरोप पुरे. दिवसातून चार वेळा व्हिडिओ लावणारी आई मुलाला आधार देते असं वाटतं, पण त्या वेळेत सामायिक स्वयंपाकघरात जाणारा मुलगा खोलीत अडकतो. पालकांनीही हे समजून घ्यावं.

मराठी मंडळी हवीतच. आजारपणात खिचडी तीच आणतात. पण आठवड्यातल्या दोन मोकळ्या संध्याकाळी दोन्ही त्यांच्यातच गेल्या तर बी-१ कधीच होत नाही. एक इकडे, एक तिकडे. गणपती बसवायचा तर शाडूची सहा इंची मूर्ती, विसर्जन बादलीत. परवानगीशिवाय नदीत काही सोडता येत नाही. आरतीला मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवा, वेळ रात्री आठच्या आत, आणि दोन दिवस आधी इमारतीच्या दारावर आवाजाची सूचना लावा.

निघताना

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच फेराईनला लेखी कळवा. देश सोडत असाल तर पत्त्याची नोंद रद्द करा, ते न केल्यास रेडिओ-वर्गणीसारखी बिलं येत राहतात. गुरुवारचा कागद दुसऱ्याच्या हाती द्या, त्याच्यासोबत दोन गुरुवार उभे राहा. कुकर, मोठं पातेलं आणि उरलेली रबरी रिंग पुढच्या सत्राला येणाऱ्या मुलासाठी ठेवा, आणि त्याला आत्ताच कळवा की त्याने स्टीलचा कुकर आणायची गरज नाही. त्या वजनात दोन किलो भडंग आणावं.